गांवचा डॉक्टर आणि दूरचें व्याख्यान

आषाढ लागला म्हणजे जुन्नर व आंबेगांव या दोन तालुक्यांच्या पश्चिम अंगाला, घाटघर, आहुपे, तळेघर या बाजूस, भाताच्या लावणीची घाई उडते. दिवसभर माणसें गुडघाभर चिखलांत वांकून असतात आणि रात्रीं थकून भुईवर घोंगडी टाकून निजतात. याच दिवसांत बिळांत पाणी शिरल्यामुळें साप कोरड्या जागेच्या शोधांत घराकडे वळतात. मण्यार हा साप रात्रीं हिंडणारा. त्याचे दांत इतके बारीक असतात कीं, त्याचा दंश झोंपलेल्या माणसाला पुष्कळदां कळतहि नाहीं. पहांटेस पोटांत दुखूं लागतें, घसा धरतो, पापण्या जड होऊन मिटूं लागतात. घरचीं माणसें ओंवा देतात, कोणी दृष्ट काढतें, आणि उजाडेपर्यंत श्वास घेणाऱ्या स्नायूंचें बळ जाऊं लागतें.

अशा रोग्याला घेऊन जीप अगर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका ज्या दारीं येऊन थांबते, तेथील डॉक्टर बहुधा एकटा असतो. त्याच्याजवळ विषावरील लसीच्या कुप्या असतात, प्राणवायूचें नळकांडें असतें, हातानें दाबून श्वास देण्याची पिशवी असते. नसतो तो सल्ला विचारावयास जवळचा दुसरा जाणता माणूस. नारायणगांवाहून पुणें सुमारें ७५ किलोमीटर आहे; डोंगरपट्ट्यांतून तें आणखी लांब पडतें. या डॉक्टरानें शिक्षण संपविल्याला दहा-पंधरा वर्षें लोटलेलीं असतात. त्या अवधींत वैद्यकशास्त्रांत जें बदललें तें त्याच्यापर्यंत कोणत्या वाटेनें पोंचतें, हा प्रश्न त्या रात्रीं जीप दारीं येईपर्यंत कोणालाच पडत नाहीं.

बदललें आहे तें थोडें नाहीं. पूर्वीं दंशाच्या वर करकचून दोरी बांधावी, जखमेवर चिरा देऊन रक्त वाहूं द्यावें, असें सांगत असत. आज तें घातक समजलें जातें. बांधलेला अवयव सडण्याचें भय असतें. शिवाय घोणस किंवा फुरसें यांच्या विषानें ज्याच्या रक्ताची गोठण्याची शक्ति गेली आहे, त्याच्या अंगावर सुरी चालविणें म्हणजे रक्तस्राव आपल्या हातानें सुरू करून देणें होय. लस देण्यापूर्वीं तिचा थोडा अंश कातडींत टोंचून पाहण्याची चाल होती. त्या चांचणीवरून पुढें येणाऱ्या विपरीत प्रतिक्रियेचा अंदाज बांधतां येत नाहीं असें दिसून आल्यामुळें ती सोडण्यांत आली, आणि ॲड्रीनॅलिनचें इंजेक्शन हाताशीं भरून ठेवून लस सुरू करावी, असा नियम झाला. लहान मुलाला लस कमी द्यावी ही समजूतहि गेली. साप मूल पाहून विष कमी सोडीत नाहीं. तेव्हां प्रौढाइतकीच लस मुलालाहि द्यावी लागते, आणि भारतांतील शासकीय उपचारपद्धतीप्रमाणें पहिलीच मात्रा दहा कुप्यांपर्यंत जाते. हें ज्याला ठाऊक नाहीं तो डॉक्टर भीतीपोटीं दोन कुप्या देऊन रोग्याला पुढें पाठवितो, आणि रोग्याचा सर्वांत मोलाचा तास रस्त्यांत जातो.

२०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाप्रमाणें, २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतांत सर्पदंशानें सुमारें १२ लक्ष माणसें मृत्यु पावलीं. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१७ सालीं सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादींत घातलें. भारत सरकारनें मार्च २०२४ मध्यें राष्ट्रीय कृति-आराखडा जाहीर करून २०३० पर्यंत हे मृत्यु निम्म्यावर आणण्याचें ठरविलें. जुन्नर तालुक्याचें या बाबतींत थोडें भाग्य असें कीं, नारायणगांवीं डॉ. सदानंद राऊत व डॉ. पल्लवी राऊत हें दांपत्य पुष्कळ वर्षें सर्पदंशाच्या रोग्यांवर उपचार करीत आलेलें आहे, आणि या दंशानें एकहि मृत्यु होऊं नये या हेतूनें त्यांनीं चालविलेली मोहीम त्या भागांत सर्वश्रुत आहे. परंतु एका गांवीं जाणता माणूस असला म्हणजे शेजारच्या खोऱ्यांतला प्रश्न सुटला असें होत नाहीं. त्याचें ज्ञान दुसऱ्या दहा दवाखान्यांत पोंचावें लागतें, आणि तें जीप दारीं येण्यापूर्वीं पोंचावें लागतें.

पूर्वीं याला मार्ग एकच होता. पुण्यास किंवा मुंबईस परिषद भरे. डॉक्टरानें दोन दिवस दवाखाना बंद ठेवावा, भाडें व वर्गणी भरावी, आणि व्याख्यानें ऐकून यावें. ज्या गांवांत तो एकटाच डॉक्टर, तेथें त्याचे ते दोन दिवस गांवालाच महाग पडत. मार्च २०२० मध्यें साथीमुळें टाळेबंदी आली, परिषदा बंद पडल्या, आणि व्याख्याते नाइलाजानें पडद्यासमोर येऊन बसले. साथ ओसरली तरी ही पद्धत राहिली. आज वैद्यकीय संस्था, विद्यापीठें, व्यावसायिकांचे संघ आणि औषधी कंपन्या अशीं शेंकडों व्याख्यानें इंटरनेटवरून देतात व त्यांतील पुष्कळ विनामूल्य असतात. १९ सप्टेंबर हा दिवस २०१८ पासून आंतरराष्ट्रीय सर्पदंश जागृति दिन म्हणून पाळला जातो; त्याच्या आगेंमागें या एकाच विषयावर ठिकठिकाणचे तज्ज्ञ बोलतात. अशा व्याख्यानाला ‘वेबकास्ट’ म्हणतात.

नभोवाणीशीं या वेबकास्टचें नातें जवळचें आहे, पण एका गोष्टींत दोघांची जात अगदीं भिन्न. नभोवाणीचें केंद्र लहरी आकाशांत सोडून मोकळें होतें. ऐकणारा एक असो कीं लाख असोत, केंद्राला त्याचा पत्ता नसतो व जास्तीचा खर्चहि येत नाहीं. वेबकास्टमध्यें उलट आहे. व्याख्यानाचें चित्र व आवाज यांचे कांहीं सेकंदांचे लहान लहान तुकडे केले जातात, आणि प्रत्येक श्रोत्याचें यंत्र ते तुकडे एकामागून एक मागून घेतें. मागणारा कोण, त्यानें किती वेळ मागितलें, मध्येंच तो उठून गेला काय, हें पाठविणाऱ्याला समजतें. म्हणूनच वेबकास्टला नांवनोंदणी असते आणि नभोवाणीला नसते. आणि म्हणूनच नभोवाणी ऐकल्याचें प्रमाणपत्र कोणी देऊं शकत नाहीं, वेबकास्टचें देऊं शकतो.

तथापि दुरून शिकविण्याची जी खरी युक्ति, ती पुणें जिल्ह्याला नवीन नाहीं. १९५६ सालीं आकाशवाणीनें युनेस्कोच्या साहाय्यानें त्या वेळच्या मुंबई राज्यांतील पांच मराठी जिल्ह्यांत, सुमारें दीडशे गांवीं, शेतकऱ्यांचीं श्रोतृमंडळें स्थापन केलीं. पुणें हा त्या पांचांतला एक जिल्हा होता. आठवड्यांतून दोनदां, अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकावयास गांवचीं पंधरा-वीस माणसें एकत्र बसत. कार्यक्रम संपला कीं यंत्र बंद करून ऐकलेल्या गोष्टीवर वाद घालीत, आपल्या गांवीं तें लागू पडतें कीं नाहीं तें ठरवीत, आणि अडलेले प्रश्न लिहून केंद्राकडे पाठवीत. पुढील कार्यक्रमांत त्यांचीं उत्तरें येत. दहा आठवड्यांच्या त्या प्रयोगाची टाटा समाजविज्ञान संस्थेनें तपासणी केली, तेव्हां मंडळें असलेल्या गांवांतील लोकांच्या माहितींत नुसत्या रेडिओ असलेल्या गांवांपेक्षां पुष्कळच भर पडलेली आढळली. यंत्र दोन्हीकडे तेंच होतें. फरक पडला तो ऐकून झाल्यावरच्या अर्ध्या तासानें.

आतां नोंदणीची रीत पाहूं गेल्यास ती कागदावर सोपी आहे. व्याख्यानाची सूचना ई-मेलनें किंवा व्हॉट्सॲपवर येते. तींतील दुव्यावर बोट ठेवलें कीं एक अर्ज उघडतो: नांव, पदवी, गांव, ई-मेलचा पत्ता, भ्रमणध्वनीचा क्रमांक, आणि व्यावसायिकांपुरतेंच व्याख्यान असल्यास वैद्यक परिषदेंतील नोंदणी-क्रमांक. अर्ज पाठविला कीं त्या श्रोत्याच्या नांवाचा स्वतंत्र दुवा ई-मेलनें येतो. हा दुवा म्हणजे रंगमंदिराचें तिकीट होय. तें मित्राला दिलें तर हजेरी मित्राच्या बसण्याची पण आपल्या नांवावर लागते, आणि दोघांनीं एकदम वापरूं म्हटलें तर एकाला बाहेर राहावें लागतें. नोंदणी फसते ती बहुतेक दोन ठिकाणीं. एक, दुव्याचें पत्र नको असलेल्या टपालाच्या कप्प्यांत जाऊन पडतें आणि डॉक्टर तें येण्याची वाट पाहत बसतो. दुसरें ठिकाण घड्याळाचें. परदेशांतील सूचनेंत वेळ त्यांची असते. न्यूयॉर्कची दुपारचे बाराची वेळ आपल्याकडे हिंवाळ्यांत रात्रीं साडेदहाची असते, पण उन्हाळ्यांत तेथें घड्याळें एक तास पुढें करतात म्हणून तीच आपली रात्रीं साडेनऊची होते. जिनीव्हाची दुपारीं दोनची वेळ हिंवाळ्यांत सायंकाळीं साडेसहा व उन्हाळ्यांत साडेपांच, म्हणजे नेमकी दवाखान्यांत गर्दीची. हा हिशेब नोंदणीच्याच वेळीं करून भिंतीवरच्या कालनिर्णयांत लिहून ठेवणारा माणूस व्याख्यानास हजर असतो. बाकीच्यांना दुसऱ्या दिवशीं ‘आपण आलां नाहींत’ असें नम्र पत्र येतें.

अर्जांत पैसे, बँकेचा खाते-क्रमांक किंवा भ्रमणध्वनीवर आलेला गुप्त आंकडा मागितला, तर तें व्याख्यान विनामूल्य नव्हे आणि बहुधा व्याख्यानहि नव्हे. तो अर्ज तेथेंच बंद करावा.

पाहण्याच्या बाबतींत डोंगरपट्ट्याची अडचण निराळी. ज्या जुन्नर तालुक्यांत खोडद येथें ४५ मीटर व्यासाच्या विशाल तबकड्या अब्जावधि वर्षांपूर्वीं निघालेल्या रेडिओ-लहरी टिपतात, त्याच तालुक्याच्या पश्चिमेस एखाद्या खिंडींत उभें राहिल्यास शेजारच्या गांवचा मनोरा भ्रमणध्वनीला सांपडत नाहीं. सुदैवानें वेबकास्टची रचनाच लवचीक असते. पाठविणारा एकाच व्याख्यानाच्या उत्तम, मध्यम व साधारण अशा अनेक प्रती तयार ठेवतो. श्रोत्याचें यंत्र पुढचा तुकडा मागतांना वाट किती रुंद आहे तें पाहून त्या बेताची प्रत मागतें. म्हणून चित्र मध्येंच अंधुक होतें, पण बोलणें तुटत नाहीं. सेकंदाला एक मेगाबिट या गतीचें चित्र तासाभरांत सुमारें ४५० मेगाबाइट खातें. नुसता आवाज ६४ किलोबिटच्या गतीनें घेतला तर ३० मेगाबाइटच्या आंत तास निभावतो. जेथें संपर्क कच्चा आहे तेथें चित्राचा मोह सोडून आवाज धरावा, आणि व्याख्यात्याच्या आकृत्या मागाहून मागवून घ्याव्या. तुकडे जमवून मग दाखविण्याच्या या रीतीमुळें श्रोत्याला व्याख्यान कांहीं सेकंद, कधीं अर्धा मिनिटहि, उशिरां ऐकूं येतें. प्रश्न विचारावयाचा असेल तर तो ‘आतां प्रश्न विचारा’ ही सूचना ऐकूं येण्याची वाट न पाहतां आधींच लिहून पाठविलेला बरा.

आणि प्रश्न विचारणें हेंच या सर्व खटाटोपाचें सार आहे. तें कसें, हें एका उदाहरणावरून चांगलें समजेल.

समजा, ओतूरच्या बाजूचा एखादा डॉक्टर रात्रीं जेवण आटोपून ऑस्ट्रेलियांतील एका नामांकित विषतज्ज्ञाचें व्याख्यान ऐकावयास बसला आहे. व्याख्याता सांगतो: दंश झालेल्या हातापायास बोटांपासून वरपर्यंत रुंद पट्टी दाबून गुंडाळा व फळी बांधा, लसीची एक कुपी बहुधा पुरते. व्याख्यात्याचें म्हणणें खोटें नाहीं. तें ऑस्ट्रेलियाच्या सापांबद्दल, ऑस्ट्रेलियाच्या लसीबद्दल आहे. तेथील सापांचें विष मुख्यतः सबंध शरीरांत पसरून घात करतें, आणि तेथील लस निराळ्या बळाची असते. आपल्याकडे घोणस किंवा फुरसें चावलें तर दंशाची जागाच सुजते व सडते. तेथें अननुभवी हातांनीं घट्ट पट्टी आवळली तर अपाय व्हावयाचा, म्हणून भारतीय पद्धतींत अवयव न हलवितां फळीस बांधून रोग्याला तांतडीनें रुग्णालयांत नेणें एवढेंच सांगितलें आहे. आपली लस नाग, मण्यार, घोणस व फुरसें या चार सापांच्या विषांवर एकत्र बनविलेली असते आणि ती एका कुपीनें भागत नाहीं. ओतूरच्या डॉक्टरानें ‘एक कुपी’ एवढेंच टिपून घेतलें, तर व्याख्यान न ऐकलेलें परवडलें असतें.

याच्या उलट दिशेनेंहि विचार करावा लागतो. भारतांत लस बनविण्यासाठीं लागणारें विष मुख्यतः तामिळनाडूंतील इरुळा जमातीची, १९७८ सालीं स्थापन झालेली सहकारी संस्था पुरवीत आलेली आहे. एकाच जातीच्या सापाचें विष प्रांताप्रांतांत बदलतें, आणि दक्षिणेंतील विषावर बनलेली लस सर्वत्र सारख्या बळानें चालत नाहीं, असें बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील संशोधकांनीं दाखविलें आहे. त्यांत भीमाशंकरच्या रानांत चापडा नांवाचा हिरवा साप आहे. तो त्या चौघांतला नव्हे. त्याच्या दंशावर या लसीचा उपयोग नाहीं. आंबेगांवच्या पश्चिमेकडील डॉक्टरानें विचारावयाचा प्रश्न हा आहे: हिरव्या सापाचा दंश, हात सुजलेला, रोगी शुद्धीवर, लस द्यावी कीं न द्यावी? हा प्रश्न सिडनीच्या किंवा लंडनच्या व्याख्यात्याला आपण होऊन सुचणार नाहीं. तो विचारला गेला तरच त्याचें उत्तर येतें, आणि तें ऐकून त्याच प्रांतांतील आणखी वीस डॉक्टर सावध होतात. मात्र प्रश्न विचारतांना रोग्याचें नांव, गांव किंवा चेहरा दिसेल असें चित्र पाठवूं नये. पडद्यापलीकडे किती माणसें बसलीं आहेत तें व्याख्यात्यासहि दिसत नाहीं.

अशा दुतर्फा शिक्षणानें खेड्यांतला डॉक्टर शहरांतल्या तज्ज्ञाइतकें काम करूं शकतो काय, याची एकदां नीट परीक्षा झालेली आहे. अमेरिकेंतील न्यू मेक्सिको राज्यांत यकृताच्या हेपॅटायटिस-सी या रोगावरील तज्ज्ञ फार थोडे. तेथील विद्यापीठांतील डॉ. संजीव अरोरा यांनीं २००३ सालीं ‘एको’ नांवाचा उपक्रम सुरू केला. दर आठवड्यास दूरदूरचे डॉक्टर पडद्यावर एकत्र येत. प्रत्येकानें आपल्या रोग्याची हकीकत नांव न सांगतां मांडावी, तज्ज्ञांनीं व इतरांनीं तीवर बोलावें, आणि उपचार मात्र त्या गांवच्या डॉक्टरानेंच करावा. २०११ सालीं त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. विद्यापीठाच्या दवाखान्यांत शेंकडा ५७.५ रोग्यांत विषाणू नाहींसा झाला होता, आणि गांवोगांवच्या त्या डॉक्टरांच्या हातून शेंकडा ५८.२ रोग्यांत. भारतांतहि हा उपक्रम २००८ पासून चालू आहे. १९५६ च्या आपल्या श्रोतृमंडळांशीं त्याचें साम्य कोणाच्याहि ध्यानांत येईल.

आतां प्रमाणपत्राविषयीं. महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या नियमाप्रमाणें डॉक्टराला आपली नोंदणी दर पांच वर्षांनीं नवी करून घ्यावी लागते, व त्यासाठीं निरंतर शिक्षणाचे ३० गुण जमवावे लागतात. त्यामुळें कित्येकांना वेबकास्ट आठवतें तें पांचव्या वर्षाच्या अखेरीस. व्याख्यान चालू ठेवून रोगी तपासणें, भोजन करणें, क्वचित् निद्रा घेणें हे प्रकार संयोजकांस ठाऊक असल्यामुळें मध्येंच एखादा प्रश्न पडद्यावर येतो व ठराविक वेळांत उत्तर न दिल्यास हजेरी कापली जाते. एक गोष्ट आधीं पाहून घ्यावी. सर्व विनामूल्य व्याख्यानांना गुण नसतात. संयोजकांनीं परिषदेची मान्यता घेतलेली असेल तरच ते मिळतात. खेड्यांतील पुष्कळ डॉक्टर आयुर्वेदाचे पदवीधर असतात; त्यांची परिषद निराळी, तेव्हां एकीकडचे गुण दुसरीकडे चालतील असें गृहीत धरूं नये.

‘विनामूल्य’ या शब्दाचाहि अर्थ लावावयास हवा. व्याख्यात्याचा, यंत्रसामग्रीचा व संयोजकांचा खर्च कोणीतरी सोसलेला असतोच. विद्यापीठानें किंवा व्यावसायिकांच्या संघानें सोसला असल्यास प्रश्न नाहीं. औषधी कंपनीनें सोसला असल्यास व्याख्यानांत एकाच औषधाचें व्यापारी नांव किती वेळां येतें तें मोजावें; तीनापेक्षां अधिक वेळां आलें तर तो वर्ग नव्हे, दुकान आहे. केंद्र सरकारनें मार्च २०२४ मध्यें औषधांच्या प्रचारासाठीं एक संहिता काढून डॉक्टरांच्या शिक्षणाला कंपन्यांनीं दिलेला पैसा उघड व तपासतां येण्याजोगा असावा असें सांगितलें आहे. तरी कान उघडे ठेवण्याचें काम श्रोत्याचेंच राहतें. लसीच्या बाबतींत एक मौज अशी कीं, सर्पदंशाच्या औषधांत कोणाला फारसा नफा नाहीं. म्हणून या विषयावरचीं व्याख्यानें बहुधा निर्मळ असतात, आणि त्याच कारणानें संख्येनें कमी असतात.

शहरांतील सुशिक्षित कुटुंबांना यांत काय, असें कोणी विचारील. एक तर पुष्कळ व्याख्यानें सर्वांना खुलीं असतात. जीं केवळ व्यावसायिकांसाठीं आहेत तेथें खोटा नोंदणी-क्रमांक घालून शिरूं नये, कारण अर्धवट ऐकलेली मात्रा घरांत कोणावर तरी चालविली जाण्याचा धोका असतो. परंतु पावसाळ्यांत भीमाशंकरास जाणारे, नाणेघाट चढणारे आणि सुटींत आजोळीं मुलांना पाठविणारे हेच लोक आहेत. त्यांना हवें तें ज्ञान थोडें आहे. दंश झालेल्याला धीर द्यावा, चालूं देऊं नये, हातापायांतील कडीं-आंगठ्या सूज येण्यापूर्वीं काढाव्या, अवयव हलूं न देतां बांधावा, आणि मांत्रिकाच्या दारावरून न जातां सरळ रुग्णालय गांठावें. सापाला मारून बरोबर नेण्याची गरज नाहीं. उजाडतां उजाडतां कोणाच्या पापण्या कारणावांचून मिटूं लागल्या आणि पोट दुखूं लागलें, तर दंशाची खूण दिसो वा न दिसो, मण्यारीचा संशय धरावा.

व्याख्यान ऐकणारा डॉक्टर केवळ ऐकणाराच राहतो असेंहि नाहीं. कोंकणांत महाडच्या परिसरांत काम करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीं विंचवाच्या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखविला, व त्यांचे अनुभव १९८० नंतरच्या दशकांत लंडनच्या ‘लॅन्सेट’ या नियतकालिकानें छापले. त्यांना टपालावर अवलंबून राहावें लागलें. आज घोडेगांवच्या डॉक्टराला तोच अनुभव एका रात्रींत शंभर ठिकाणीं सांगतां येतो.

राहतां राहिलें तें ऐकून झाल्यावरचें काम, आणि तें पुष्कळदां अगदीं क्षुल्लक दिसतें. घोणसाच्या किंवा फुरशाच्या विषाची परीक्षा म्हणजे वीस मिनिटांची रक्तपरीक्षा. शिरेंतून काढलेलें दोनतीन मिलिलिटर ताजें रक्त नळींत घालून वीस मिनिटें न हलवितां ठेवावयाचें, मग नळी तिरपी करून पाहावयाची. रक्त गोठलें नसेल तर विष भिनलें आहे व लस सुरू करावी. हें जवळ जवळ प्रत्येक डॉक्टराला पाठ असतें. पण नळी कांचेची लागते. प्लॅस्टिकच्या नळींत निरोग्याचें रक्तहि वेळेवर गोठत नाहीं, आणि साबणाच्या पुडीनें धुतलेल्या कांचेच्या नळीचीहि तीच गत होते. मग नसलेलें विष दिसतें, आणि दहा कुप्या फुकट जातात; त्या ज्याला हव्या असतात असा दुसरा रोगी त्याच रात्रीं डिंभ्याच्या बाजूनें निघालेला असूं शकतो.

व्याख्यानाची ध्वनिचित्रफीत पुष्कळ संस्था मागाहून खुली ठेवतात. ती डॉक्टरानें एकट्यानें न पाहतां दुपारच्या रिकाम्या वेळीं परिचारिका, औषधवाटप करणारा व रुग्णवाहिकेचा चालक यांना बरोबर घेऊन पाहावी, मधून मधून थांबवावी, आणि आपल्या कपाटांत त्यांतलें काय आहे व काय नाहीं तें तेथल्या तेथें उघडून पाहावें. लसीच्या कुप्यांवरील मुदतीची तारीख, ॲड्रीनॅलिनची जागा, श्वासपिशवीचा मुलांच्या मापाचा मुखवटा आणि खालच्या खणांत, कापसांत गुंडाळलेल्या, न वापरलेल्या चार कोऱ्या कांचेच्या नळ्या.